शनिवार तुमचा, बोट आईचं

अण्णा,

तुम्ही गेल्यावर मी हवी तेवढी रडले नाही, अशी कोळवणात कुजबुज आहे. शेजारच्या काकूंनी तर मला बाजूला घेऊन विचारलंच, "पोरी, आत कोंडून ठिवू नको. मोकळी हो जरा." मी नुसती मान हलवली. त्यांना काय सांगणार? आत काही कोंडलेलं नव्हतं, उलट मला हायसं वाटत होतं. बाप गेला आणि लेकीला हायसं वाटलं, हे गावात ओट्यावर बसून बोलायची सोय नाही. म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्ही रागावणार नाही, कारण तुम्हाला असंच जायचं होतं.

तापाचं निमित्त झालं, मग छातीत कफ धरला, पौडच्या दवाखान्यात काही दिवस काढले. वय झालं होतंच. शेवटच्या सकाळीसुद्धा तुमची टकळी चालू होती. नर्सबाईंनी कपात चहा आणून दिला तर तुम्ही त्यात डोकावून म्हणालात, "बाई, ह्यो च्या हाय का भांडी धुतल्यालं पानी?" त्या बिचाऱ्या हसून परत गेल्या. आई तुमच्यावर खेकसली, तुम्ही आईवर खेकसलात, आणि दुपारी तुम्ही गेलात. वाईट वाटलं नाही असं नाही. तुमची चप्पल अजून ओट्याखाली आहे आणि ती उचलायचा धीर घरात कुणाला होत नाही. पण तुम्ही बोलत गेलात, अण्णा. त्या एका गोष्टीसाठी मी वर्षानुवर्षं जीव मुठीत धरून बसले होते.

आबांमुळे. तुमचे थोरले भाऊ, पहाडासारखा माणूस. एका सकाळी गोठ्यात कोसळले, त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. उरला फक्त एक शब्द, 'बा'. भूक लागली तरी बा, ऊन अंगावर आलं तरी बा, नातवंड समोरून गेलं तरी बा. तुम्ही रोज संध्याकाळी त्यांच्यापाशी जाऊन बसायचात आणि दोघांच्या वाटचं एकटेच बोलायचात. कुणाच्या म्हशीला काय झालं, कुणी जमीन विकली, कुठल्या फार्महाउसवर कसला बंगला उठला. आबा तुमच्या तोंडाकडे बघत राहायचे. घरी परत आलात की दारातच म्हणायचात, "देवा, न्ह्यायचं तर बोलता बोलता ने. आसं बसवून ठिवू नको." ते ऐकलं की मी आत स्वयंपाकघरात जायचे.

आबांना पुण्याच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मीच बरोबर होते. त्यांनी समजावून सांगितलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आबांच्या हृदयाचा ठोका कधीपासून तरी बेताल पडत असणार. असा ठोका पडला की हृदयात रक्त साकळतं, त्याची गुठळी सुटते आणि मेंदूत जाऊन अडकते. आधी कळलं असतं तर गोळ्यांवर बरंच टाळता आलं असतं. पण कळणार कसं? हा बेतालपणा येतो आणि जातो. ज्या दिवशी दवाखान्यात कार्डिओग्राम काढावा त्या दिवशी सगळं ठीक असतं. मग डॉक्टर म्हणाले, "यांचे भाऊ आहेत ना? त्यांच्यावर लक्ष ठेवा." आणि त्यांनीच त्या फोनचं सांगितलं. कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं, बाजूचा दिवा पेटतो, बोटातून रक्त कसं धावतंय ते फोन बघतो आणि ठोके सारख्या अंतराने पडतात की नाही ते सांगतो. मिनिटभराचं काम. रोज केलं तर कधी ना कधी चोर सापडतो.

मी माझा जुना फोन तुम्हाला आणून दिला, सगळं जोडून दिलं, आणि तुमची रोजची नोंद पुण्यात माझ्या फोनवर यावी अशी व्यवस्था केली. तुम्ही फोन उलटा-सुलटा करून पाहिलात.

"बोटातनं काळीज दिसतं व्हय?"

"दिसत नाही, कळतं."

"ही समदी त्या फार्महाउसवाल्यांची खुळं. मनगटाला घड्याळं बांधायची नि पावलं मोजत हिंडायची. आरं, त्यापरीस खुरपं घ्या हातात."

पण बराच वेळ खेचाखेची झाल्यावर तुम्ही म्हणालात, "बरं बाय. व्हईल तुज्या मनासारखं." आणि खरंच दुसऱ्या सकाळपासून नोंद यायला लागली. रोज, न चुकता. मी ऑफिसात पोचून डबा ठेवते न ठेवते तोच फोन वाजायचा आणि हिरवी खूण दिसायची. मी मैत्रिणींना कौतुकाने सांगायचे, आमचे अण्णा सुधारले. इतक्या मुकाट्याने तुम्ही जन्मात माझं कधी ऐकलं नव्हतं.

मग लाल खूण आली. एकदा आली, दोनदा आली, मध्ये काही दिवस हिरवी, परत लाल. 'ठोके अनियमित, डॉक्टरांना दाखवा.' समोर कॉम्प्युटरवर कसले आकडे आहेत ते मला दिसेना. कानात आबांचा 'बा' ऐकू यायला लागला. त्याच दिवशी रजा टाकून मी घरी आले आणि दादाच्या प्रवासी जीपमध्ये तुम्हाला घालून पुण्याला नेलं. वाटेत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. झोडणीचे दिवस होते, भात कापून खळ्यावर पडलं होतं आणि लेक धडधाकट बापाला दवाखान्यात ओढून नेत होती.

दवाखान्यात तुमचा कार्डिओग्राम काढला, तो उत्तम निघाला. मग छातीला ते छोटं यंत्र चिकटवून दिवस-रात्रीचे ठोके तपासले, तेही उत्तम. डॉक्टर म्हणाले, फोन फक्त इशारा देतो, निदान करत नाही, आणि इशारा चुकूही शकतो. बोट हललं, गार पडलं, कातडी जाड असली तरी गडबड होते. त्यांनी तुम्हाला विचारलं, "रोज ठेवता ना बोट?"

तुम्ही छाती पुढे काढून सांगितलंत, "रोज! येक दिस खाडा न्हाई."

अण्णा, तो तुमचा चेहरा मला अजून दिसतो. त्यात खोटं काहीसुद्धा नव्हतं. तुमच्या हिशेबाने ते अगदी खरं होतं.

परत येताना मात्र तुम्ही घोटवड्यापासून जे बोलायला लागलात ते कोळवणपर्यंत. जीपमध्ये जो चढेल त्याला सांगत होतात, "पोरीनं मला मशीन लावलं. मशीन म्हनतं, म्हातारा घोड्यावानी हाय." दादा आरशातून माझ्याकडे बघून हसत होता. मला इतका राग आला होता आणि इतकं बरंही वाटत होतं की मी खिडकीबाहेर बघत बसले. घरी आल्यावर आईलाही सांगितलं की तो फोन आता बंद करा, त्याच्यावर काही भरवसा नाही. आईने "बरं" म्हटलं. तिचं 'बरं' म्हणजे ऐकलं एवढंच, करीन असं नव्हे, हे मला तेव्हा तरी आठवायला हवं होतं.

कारण नोंदी थांबल्याच नाहीत. येत राहिल्या. मी त्या बघायच्या सोडून दिल्या.

पुढच्या सुट्टीला मी आले तेव्हा तुम्ही खळ्यावर होतात. मी चहाची किटली घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही दोन्ही हातांनी पेंढी उगारून लाकडी बाकड्यावर आपटत होतात, दाणे चौफेर उडत होते, आणि तोंडाने अर्थातच माझी टिंगल चालू होती. "काय म्हनतंय तुजं काळजाचं यंत्र?" एवढ्यात माझ्या खांद्यावरच्या पर्समध्ये फोन वाजला. मी सवयीने काढून बघितला. तुमच्या नावाची नोंद, आत्ताची, लाल.

मी तुमच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात पेंढीला होते.

"अण्णा, तुमचा फोन कुठंय?"

"घरी, देवापाशी. कुटं जातोय?"

"मग आत्ता त्याच्यावर बोट कुणी ठेवलं?"

"ती ठिवती की," तुम्ही पुढची पेंढी उचलत म्हणालात.

"ती कोण?"

"तुजी आई. दुसरं कोन हाय घरात?"

 मग आपल्या घराची सगळी रीत डोळ्यांसमोर उभी राहिली. कुणा जोशीबुवांनी तुम्हाला साडेसातीचे शनिवार धरायला सांगितले होते. तुम्हाला भूक निघत नाही, म्हणून लग्न होऊन आल्यापासून ते शनिवार आई धरत होती, तुमच्या नावाने. तुमचं रक्तदाबाचं निघालं आणि डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हणून सांगितलं, तेव्हा आईच्या ताटातलं मीठ बंद झालं. तुम्ही लोणच्याची फोड चोखत बसायचात आणि ती अळणी भाजी खायची, आणि दोघांनाही वाटायचं की पथ्य चाललंय. मग मी येऊन म्हणाले की रोज सकाळी मनोभावे एक मिनिट बोट ठेवायचं. ते कुणाच्या गळ्यात जाणार होतं? एवढी शिकलेली मी, याच घरात वाढलेली, आणि माझ्या लक्षात आलं नाही.

आपण घरी आलो तर आई देव्हाऱ्यासमोर हात जोडून बसलेली. फोन हळदी-कुंकवाच्या करंड्याशेजारी.

"आई, मी बंद करायला सांगितलं होतं ना?"

"मदीच कसं सोडायचं? उद्यापन न्हाई केलं आजून."

"अगं पण ते अण्णांसाठी होतं!"

"मग? त्यांच्याच नावानं ठिवते की. शनवार बी त्यांचाच धरते न्हवं?"

मला हसू फुटत होतं. ते फुटता फुटता मध्येच थांबलं. बोट आईचं होतं, म्हणजे तो बेताल ठोकाही आईचाच होता. मी तुमच्याकडे वळले तर तुम्हाला ते माझ्याआधी कळलेलं होतं. तुमच्या केसांत पेंढा अडकला होता आणि तुम्ही दाराची चौकट धरून उभे होतात. इतके घाबरलेले तुम्ही मला आबा पडले तेव्हाही दिसला नव्हतात.

"हिला काय व्हनार?" तुम्ही म्हणालात. "ही कदी आजारी पडली न्हाई."

आजारी नव्हती कशी? विचारल्यावर एकेक बाहेर आलं. ओढ्यावरून धुणं आणताना मध्ये बसावं लागत होतं. छातीत फडफडत होतं. एकदा चुलीपाशी डोळ्यांपुढे अंधारी आली होती. "वय झालं, आनि काय," आई म्हणाली. "मला काय धाड भरलीया?"

दादा जीप घेऊन पौडला गेलेला. तुम्ही अनवाणी रस्त्यावर गेलात आणि समोरून येणाऱ्या फार्महाउसवाल्यांच्या गाडीपुढे आडवे उभे राहिलात. ज्यांना तुम्ही कधी नमस्कारसुद्धा केला नव्हता, त्यांना हात जोडून म्हणालात, "सायेब, बायकोला पुन्याला न्ह्यायचंय." ते बिचारे काही न विचारता गाडी वळवून निघाले. आई मागे माझ्याशेजारी, तुम्ही पुढे. पूर्ण वाटेत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, आणि तुमचं न बोलणं मला पहिल्यांदाच सहन होईना.

डॉक्टरांसमोर जाऊन तुम्ही म्हणालात, "डाक्टर, फोन खरा हाय. बोट हिचं व्हतं." त्यांना समजायला जरा वेळ लागला. मग ते खुर्चीत मागे टेकून जे हसले ते हसले. आणि मग एकदम गंभीर होऊन त्यांनी आईला टेबलावर घेतलं. त्या दिवशी चोर घरातच होता. कार्डिओग्रामच्या कागदावरची टोकं बघून मलासुद्धा कळलं की अंतरं सारखी नाहीत. आबांचंच दुखणं, आणि ते आपण कुणाच्या रक्तात शोधत बसलो होतो! डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून गोळी दिली, ठोक्याची वेगळी दिली, आणि बजावलं की रक्ताची गोळी रोज दुपारी जेवणाबरोबर, एकही दिवस चुकवायची नाही.

पहिल्याच शनिवारी आईने ती चुकवली. जेवण नाही तर जेवणाबरोबरची गोळी कशी घ्यायची, हा तिचा प्रश्न. मी फोनवरून ओरडत होते, दादा ओरडत होता. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही तिचं ताट वाढायला सांगितलंत, स्वतः पाटावरून उठलात आणि म्हणालात, "आजपासनं माजे शनवार मी धरीन."

अण्णा, तुमच्याशी मी जन्मभर भांडले. जमिनीवरून भांडले, माझ्या लग्नावरून भांडले. पण त्या शनिवारचं दादाने मला सांगितलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून पदराशिवाय जेवढे डोळे पुसता येतात तेवढे पुसले. आयुष्यात एक वेळ उपाशी न राहिलेला माणूस उतारवयात उपास धरायला लागला. दुपारनंतर तुमच्या वाटेला कुणी जायचं नाही, कुत्रंसुद्धा. पण आईचं ताट समोर आलं की तुम्ही उपाशीपोटी तिच्यापुढे बसून राहायचात आणि गोळी गिळली की तोंड उघडून दाखवायला लावायचात. "आ कर." आई म्हणायची, "मी काय ल्हान पोर हाय?" तुम्ही म्हणायचात, "आ कर आदी."

हे मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही. बोलले ते भलतंच. आई कशाने वाचली, यावरून आपला वाद अखेरपर्यंत मिटला नाही. मी म्हणायचे, माझ्या फोनने. तुम्ही म्हणायचात, "माज्या आळसानं! मी इमानदारीत बोट ठिवलं आसतं तर कळलं आसतं का?" आणि आई दोघांना झटकून टाकायची, "मारुतीनं वाचवलं." पौडच्या दवाखान्यातसुद्धा तुम्ही नर्सबाईंना हे सगळं पुन्हा रंगवून सांगितलंत आणि निकाल द्या म्हणालात. त्या म्हणाल्या, तिघांचंही बरोबर आहे. तुम्हाला तो निकाल आवडला नाही.

एक गोष्ट मात्र मनात राहिली ती आता विचारते. तुम्हाला खरंच नुसता कंटाळा होता, की आपल्याही बोटातून आबांसारखं काही निघेल याची धास्ती होती? फोन हातात घेतानासुद्धा तुम्ही बोट आखडून धरायचात, हे मी पाहिलं होतं. विचारलं असतं तर तुम्ही कबूल केलं नसतं. आणि कबूल केलं असतंत तर मला तरी काय करता आलं असतं? तेव्हा राहू दे. भ्यालेले होतात तरी कुणाला कळू दिलं नाहीत, आणि ज्याला भीत होतात ते तुमच्या वाट्याला आलं नाही.

दहाव्याला काय झालं ते सांगते आणि थांबते.

नदीच्या घाटावर सगळं गाव होतं. पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरलो. कावळा उंबरावर बसलेला, पण खाली येईना. दादाने हात जोडून सांगितलं, "अण्णा, वरचं शेत इकनार न्हाई." कावळा हलला नाही. चुलत भाऊ म्हणाला, "बांधाचं भांडान मिटवतो." तरी नाही. कुणी तंबाखूचा विडा आणून ठेवला, कुणी म्हशीचं नाव घेतलं. ऊन वर आलं. पिंडाला कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी तोंडात काही घालायचं नसतं, आणि आई सकाळपासून पाण्यावर होती. तिच्या गोळीची वेळ होत आली होती. मी कानाशी जाऊन म्हणाले, "आई, गोळी." ती म्हणाली, "आदी त्यांचं हूं दे." भटजी दर्भाचा कावळा करायचं बोलायला लागले.  तुम्ही असतात तर एव्हाना ओरडला असतात.

मग आईच उठली. "सरका जरा," म्हणून दादाला बाजूला केलं आणि पिंडासमोर जाऊन उभी राहिली.  मग माझ्याकडे वळून म्हणाली, "केळं हाय का तुज्या पिशवीत?"

मी दिलं. आईने ते सोललं आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, खायला लागली. बायकांत चुळबूळ झाली. एक म्हातारी न राहवून बोलली, "आगं बाय, आदी त्यांना तरी खाऊ दे."

आईने घास गिळला. कनवटीची गोळी काढून जिभेवर ठेवली, वर पाणी प्यायली, आणि पिंडाकडे तोंड करून आ केला. मग म्हातारीला म्हणाली, "जलमभर त्यांच्या नावानं उपाशी ऱ्हायले. आज त्यांच्या नावानं खाते."

 आईने उरलेलं केळं खाल्लं, पदराने तोंड पुसलं आणि ती बाजूला झाली. तेव्हा कुठे तुम्ही खाली उतरलात.